नागिणीचे तोंड आणि शेपूट का मिळत नाही?



‘अमक्याला नागीण झाली’ हे शब्द तुमच्यापैकी बहुतेकांनी घरी किंवा शेजारी कधी ना कधी ऐकले असतील. कुणाच्या बरगडीवर, कुणाच्या कमरेवर, तर कुणाच्या कपाळावर लालसर पट्टा उठतो. त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस येतात आणि अंगाची आग आग होते. मग कुणी गेरूचा लेप सुचवतो, कुणी मंत्र घालणाऱ्याचे नाव सांगतो. एखादी म्हातारी हळूच बजावते, “नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू देऊ नका. विळखा पुरा झाला की माणूस दगावतो!”

ही समजूत साऱ्या महाराष्ट्रात आढळते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील झरी जामणीसारख्या तालुक्यात मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू अशा चार भाषा कानी पडतात. मोठ्या डॉक्टरांसाठी वणी किंवा पांढरकवडा गाठावे लागते. अशा ठिकाणी या समजुतीची किंमत फार जड पडू शकते, कारण या रोगात पहिले तीन दिवस मोलाचे असतात. नेमके तेच दिवस लेप आणि मंत्र यांत निघून जातात.

तेव्हा भूमितीतले एखादे प्रमेय तपासावे, तशी आज आपण ही समजूत तपासू या.

नावातली गंमत

प्रथम नावाकडे पाहा. या रोगाचे शास्त्रीय नाव ‘हर्पीझ झोस्टर’. ‘हर्पीझ’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. आपला ‘सर्प’ हा संस्कृत शब्द त्याच कुळातला! ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. इंग्रजीत या रोगाला ‘शिंगल्स’ म्हणतात, आणि तो शब्दही पट्टा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. म्हणजे ग्रीसमधल्या माणसाला आणि आपल्या खेड्यातल्या माणसाला एकच गोष्ट दिसली. अंगावर काहीतरी पट्ट्यासारखे सरपटत जाते आहे. निरीक्षण दोघांचेही अचूक होते. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

लपून बसलेला पाहुणा

नागीण बाहेरून येत नाही. ती आपल्याच शरीरात वर्षानुवर्षे दडलेली असते.

लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या का? कांजिण्या एका विषाणूमुळे येतात. (देवीचा रोग वेगळा, त्याचा विषाणूही वेगळा. देवीचे जगातून उच्चाटन झाले आहे.) कांजिण्यांचे फोड आठवड्या-दोन आठवड्यांत सुकतात, खपल्या पडतात आणि मूल खेळायला लागते. पण विषाणू पूर्णपणे नष्ट झालेला नसतो. तो चेतातंतूंच्या वाटेने आत शिरतो आणि मज्जारज्जूच्या बाजूला असलेल्या चेतापेशींच्या गाठींत जाऊन निपचित पडून राहतो. या गाठींना ‘गुच्छिका’ म्हणतात. आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते.

वय वाढले, मधुमेह, कर्करोग किंवा एच. आय. व्ही. सारखा आजार झाला, अथवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे सुरू असली, की हा पहारा ढिला पडतो. कधी तर उघड कारण काहीच सापडत नाही. विषाणू जागा होतो आणि आलेल्या वाटेनेच परत त्वचेकडे निघतो. हीच नागीण! म्हणून ती साधारणतः पन्नाशीनंतर अधिक दिसते. तरुणांना होतच नाही असे मात्र नाही.

दोन्ही रोगांचा संबंध एका दिवसात कळलेला नाही. हंगेरीतील वैद्य बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक गोष्ट हेरली. घरात कुणाला नागीण झाली, की त्याच घरातल्या मुलांना काही दिवसांनी कांजिण्या येतात. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत हा विषाणू वाढवून दोन्ही रोगांचे मूळ एकच असल्याचा पुरावा दिला.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा माणूस आहे इंग्लंडमधील सायरनसेस्टर या छोट्या गावचा डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन. त्याच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती नोंदवही! आपल्याकडे येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रोग्याची नोंद तो सोळा वर्षे करत राहिला. अशा १९२ रोग्यांच्या नोंदींवरून त्याने १९६५ साली मांडले, की नागीण दुसऱ्याकडून लागत नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती ओसरली की उठतो. पुढे १९८४ साली एकाच रोग्याच्या कांजिण्यांतील आणि नंतर झालेल्या नागिणीतील विषाणूचे डी. एन. ए. ताडून पाहण्यात आले. ते जुळले! चिकाटीने ठेवलेल्या नोंदीची ताकद किती असते, हे यावरून ध्यानात यावे.

पट्टाच का? आणि एकाच बाजूला का?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू.

मज्जारज्जूपासून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतील एक चेता उजव्या बाजूला जाते, दुसरी डाव्या. जवळजवळ प्रत्येक चेतेला त्वचेचा एकेक पट्टा नेमून दिलेला असतो. छातीवर हे पट्टे पाठीच्या कण्यापासून निघून बरगड्यांच्या रेषेने पुढे येतात आणि छातीच्या मध्यरेषेपाशी थांबतात. गावाची शिवारे जशी बांधांनी विभागलेली असतात, तसे आपले शरीर या चेतांनी वाटून घेतलेले आहे. बेंबीच्या पातळीवरचा पट्टा छातीच्या दहाव्या चेतेचा. हा नकाशा तयार करण्यास नागिणीचीच मोठी मदत झाली. १९०० साली हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी, नागीण होऊन गेलेल्या व पुढे मरण पावलेल्या रोग्यांच्या गुच्छिका तपासल्या. ज्या पट्ट्यावर फोड आले होते, नेमक्या त्याच पट्ट्याच्या गुच्छिकेत त्यांना बिघाड आढळला.

आता तर्क पुढे न्या. विषाणू सहसा एकाच बाजूच्या एकाच गुच्छिकेत जागा होतो. त्या गुच्छिकेचे तंतू त्याच बाजूच्या पट्ट्यात जातात. मध्यरेषेजवळ शेजारचे तंतू थोडेसे एकमेकांत मिसळतात, पण पलीकडच्या बाजूला जाणारी वाटच नसते. म्हणून पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड आणि शेपूट मिळत नाहीत, ते कुणी अडवल्यामुळे नव्हे. तिथे रस्ताच संपतो!

आणि समजा, क्वचित प्रसंगी पुरळ दोन्ही बाजूंना उठले, तर? असे बहुधा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसात घडते. त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायला हवे. धोका असतो तो दुबळ्या प्रतिकारशक्तीचा, विळखा पुरा होण्याचा नव्हे.

एक कृती

शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी घ्या. मित्राच्या पाठीच्या कण्यापासून बरगडीच्या कडेने छातीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. ते सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे ४०० मिलिमीटर भरले असे धरू.

चेतातंतूंतून दोन प्रकारची वाहतूक चालते. एक संदेशांची, तारेसारखी. वेदनेचे मंदगती तंतूदेखील सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने संदेश नेतात. म्हणजे ४० सेंटिमीटरला ०.४ सेकंद पुरतात. दुसरी वाहतूक मालाची, बैलगाडीसारखी. तंतूच्या आत सूक्ष्म नलिका असतात आणि ‘कायनेसिन’ नावाची प्रथिने त्यांवरून पेशीतला माल ओढत नेतात. या प्रथिनाचा शोध १९८५ साली लागला. या गाडीचा वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. विषाणू प्रवास करतो तो या गाडीतून.

आता गणित करा. ४०० मिलिमीटरला ४०० चा वेग असेल तर एक दिवस, २०० चा असेल तर दोन दिवस. हे गणित ढोबळ आहे. शिवाय गुच्छिकेत विषाणूची वाढ होण्यातही वेळ जातो. पण एक महत्त्वाची गोष्ट यातून उलगडते. गुच्छिकेत गडबड सुरू होताच वेदनेची ‘तार’ क्षणात मेंदूला पोचते, आणि विषाणूची ‘बैलगाडी’ त्वचेवर पोचायला दिवस लागतात. म्हणूनच नागिणीत दुखणे आधी येते आणि फोड मागाहून, बहुधा एक ते पाच दिवसांनी.

नागीण कशी ओळखावी?

हे नीट लक्षात ठेवा. घरात सर्वांत आधी ओळखणारे तुम्ही असू शकता.

१. शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात आग होणे, टोचणे, मुंग्या येणे किंवा कपडा लागला तरी सहन न होणे. थोडी कणकण, डोकेदुखी.

२. काही दिवसांनी त्याच जागी लाल पुरळ, त्यावर पाणीदार फोडांचे घोस. पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो.

३. फोड सात ते दहा दिवसांत सुकून खपल्या धरतात. सारे बरे व्हायला दोन ते चार आठवडे लागतात.

पहिल्या पायरीवर फसगत होणे सोपे असते. छातीच्या डाव्या बाजूला दुखले तर हृदयविकाराची शंका येते. ती शंका डॉक्टरांकडूनच दूर करून घ्यावी, घरी बसून नव्हे. कापसाच्या मुलखात आणखी एक घोटाळा होतो. फवारणीच्या दिवसांत पाठीवर पंप घेऊन राबणाऱ्या माणसाला पाठीत आग होऊ लागली, की ‘पंपाचा पट्टा घासला’ किंवा ‘औषध अंगावर उडाले’ असे वाटते. मग फरक कसा करायचा? औषध उडाले असेल, तर ते जिथे जिथे लागले तिथे तिथे, दोन्ही बाजूंनाही, त्रास होईल. पट्टा घासला असेल, तर खूण पट्ट्याच्या जागीच असेल. रात्री दिव्याभोवती येणारा एखादा किडा अंगावर चिरडला तरी फोड येतात, पण ते कीडा चिरडला तेवढ्याच जागी. नागीण मात्र कण्यापासून पुढे, एकाच बाजूने, चेतेच्या वाटेने चालते आणि बहुधा तिच्याआधी दोन-तीन दिवस दुखणे आलेले असते. (फवारणीनंतर मळमळ, घाम, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती विषबाधा असू शकते. तेव्हा एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.)

बहात्तर तासांचे गणित

या रोगावर औषध आहे. त्याचे नाव ‘असायक्लोव्हिर’. ते अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात तयार झाले. ज्या संशोधनातून ते निघाले, त्यातील गर्ट्रूड एलियन या विदुषीला १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे औषध काम कसे करते? रेल्वेच्या डब्यांना दोन्ही टोकांना आकडे असतात, म्हणून गाडी लांब होत जाते. विषाणू आपल्या डी. एन. ए.ची साखळी अशीच डब्याला डबा जोडून तयार करतो. असायक्लोव्हिर हा एका डब्याचा हुबेहूब तोतया आहे, पण त्याला पुढचा आकडाच नाही! तो साखळीत बसला की पुढचा डबा जोडता येत नाही. शिवाय या तोतयाला कामाला लावणारा किल्लीवजा विकर विषाणूनेच बनवलेला असतो. त्यामुळे औषध मुख्यतः विषाणू शिरलेल्या पेशींतच जागे होते आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही.

आता वेळेचे महत्त्व तुमच्या ध्यानात येईल. हे औषध नव्या प्रती निघण्याचे थांबवते. निघून गेलेल्या प्रती ते परत आणू शकत नाही. छापखाना बंद करता येतो, वाटून झालेली पत्रके गोळा करता येत नाहीत! विषाणूची छपाई पहिल्या काही दिवसांतच जोरात चालते. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्यात, असा नियम आहे. त्यामुळे फोड लवकर सुकतात, सुरुवातीचे दुखणे कमी होते आणि डोळ्याजवळच्या नागिणीत डोळ्याला होणारी इजा टळण्यास मदत होते. काहींना फोड बरे झाल्यावरही महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे त्याच पट्ट्यात वेदना राहतात. म्हाताऱ्या माणसांत याचे प्रमाण अधिक. गोळ्यांनी ही मागची वेदना हमखास टळते असे म्हणता येत नाही, पण तिच्यासाठी डॉक्टर वेगळी औषधे देतात. ती सोसत बसण्याची गरज नाही.

७२ तास उलटले म्हणून घरी बसावे काय? मुळीच नाही. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असतील किंवा रोग्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उशिरानेही उपचार देतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

मेडिकल दुकानाची पायरी

गावात डॉक्टर रोज नसतो, पण बाजारपेठेच्या गावी मेडिकल दुकान असते. म्हणून बहुतेक रोगी आधी तिथेच जातो. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून औषधनिर्मात्यांना सात साध्या आजारांवर ठरलेल्या नियमांनुसार उपचार देण्याची मुभा मिळाली आहे. प्रौढांची नागीण ही त्या सातांतली एक. उद्देश एकच, की पहिले ७२ तास वाया जाऊ नयेत. त्यांनाही काही खुणा दिसल्या तर रोग्याला डॉक्टरांकडे पाठवावेच लागते.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. असायक्लोव्हिर हे ‘अनुसूची एच’ मधले औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. हे योग्यही आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्याची मात्रा कमी करावी लागते, आणि गरोदर स्त्रियांबाबत डॉक्टरांनाच विचार करावा लागतो. म्हणून दुकानदाराकडे गोळ्यांचा हट्ट धरू नका. त्याच्याकडून मदत घ्या ती अशी:

एका कागदावर पुरळ प्रथम दिसल्याचा दिवस व वेळ लिहून न्या. दुकानातील नोंदणीकृत औषधनिर्मात्याला तो दाखवा आणि विचारा, “ही नागीण वाटते का? आज डॉक्टर कुठे भेटतील?” जाणता औषधनिर्माता लक्षणे ओळखतो, घाई का करायची ते सांगतो, आणि चिठ्ठी आणल्यावर गोळ्या दिवसातून किती वेळा, किती दिवस घ्यायच्या ते समजावतो. असायक्लोव्हिर प्रौढांना बहुधा दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावे लागते आणि त्यासोबत पाणी भरपूर प्यावे लागते. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. त्याच नावाचे मलम मिळते, पण नागिणीत मलम हा गोळ्यांना पर्याय नव्हे.

चिठ्ठीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेही दूर असेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात जा. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला दूरच्या डॉक्टरांशी रोग्याची गाठ घालून देता येते. गावातल्या आशाताईंना विचारले तर वाट सापडते.

पुढील खुणा दिसल्या तर मात्र थेट रुग्णालय: कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड (नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची चेता एकाच फांदीची आहे, म्हणून हा डोळ्याला धोका असल्याचा इशारा समजावा), कानात फोड आणि तोंड वाकडे होणे, सर्वांगावर पसरलेले फोड, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे किंवा भ्रम, गरोदर स्त्री, आणि आधीच मोठा आजार असलेला रोगी. तरुण रोग्याला डॉक्टर रक्ततपासण्या सुचवतील. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

घरी काय करावे?

फोड स्वच्छ व कोरडे ठेवावेत, सैल सुती कापडाने झाकावेत, फोडू नयेत. गेरू, राख, शेण किंवा झाडपाल्याचा रस लावू नये. त्याने जखमेत दुसरे जंतू शिरतात. नागीण दुसऱ्याला लागत नाही. पण फोडांतल्या पाण्यातला विषाणू, ज्याला कांजिण्या कधीच आल्या नाहीत अशा माणसाला कांजिण्या आणू शकतो. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ही मुले आणि कांजिण्या न आलेल्या गरोदर स्त्रिया यांना जपावे. रोग्याला वाळीत टाकण्याचे मात्र कारण नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस निघाली आहे आणि २०२३ पासून ती भारतातही मिळते, पण ती महाग आहे.

मंत्राला यश का येते?

शेवटी एक प्रश्न उरतो. मंत्राने नागीण उतरल्याचे लोक शपथेवर सांगतात, ते खोटे बोलतात काय?

नाही. त्यांनी पाहिले ते खरेच आहे. पुरळ दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते आणि तोंड-शेपूट तर मुळातच मिळत नाहीत. म्हणजे मंत्र म्हटला तरी आणि न म्हटला तरी, बहुतेक वेळा निकाल तोच! जो प्रयोग कधी फसूच शकत नाही, तो प्रयोगच नव्हे. विज्ञानात आपण विचारतो, “उपाय केला नसता तर काय झाले असते?” हा प्रश्न विचारायची सवय लागली, की निम्म्या अंधश्रद्धा आपोआप गळून पडतात.

पण घरातल्या आजीला हे सांगताना तिची थट्टा करू नका. तिची काळजी खरी आहे. तिला म्हणा, “आजी, तू घाई करायला सांगतेस ते बरोबरच आहे. फक्त वाट दवाखान्याची धरू या.”

विचार करा

१. कांजिण्या सर्वांगावर येतात आणि नागीण एका पट्ट्यात. विषाणू एकच असताना हा फरक का?

२. सोमवारी सकाळी १० वाजता पुरळ दिसले. ७२ तास केव्हा पुरे होतात? तुमच्या गावाहून जवळच्या डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? बाजाराच्या दिवशी आणि इतर दिवशी काय फरक पडतो?

३. होप-सिम्प्सनप्रमाणे तुमच्या वर्गाने एक नोंदवही ठेवावी. वर्गातील किती जणांना कांजिण्या येऊन गेल्या, कोणत्या वयात आणि कोणत्या महिन्यात, ते नावे न लिहिता नोंदवा व आलेख काढा. शिक्षकांनी दरवर्षी नव्या वर्गाकडून त्यात भर घालून घ्यावी.